अंगठी चांगल्याच्या हाती पडली तर?

गेल्या महिन्यात आमच्या वसाहतीतल्या वाचनकट्ट्यावर अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला असलेली एक मुलगी ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ या कादंबरीवर बोलली. मनापासून तयारी करून आली होती. तिचं बोलणं संपलं आणि वाद पेटला. एक निवृत्त शिक्षक म्हणाले, ‘‘एका बाजूला सगळे सज्जन, दुसऱ्या बाजूला सगळे दुर्जन आणि शेवटी सज्जनांचा जय. बारा वर्षांपुढच्या माणसानं हे कशाला वाचायचं? बाहेर शेतकरी गळफास घेतोय आणि आपण पऱ्या-राक्षसांच्या लढाया वाचायच्या?’’ त्यावर एका आईनं तितक्याच तळमळीनं उत्तर दिलं की हल्लीच्या मुलांना नेमकं हेच हवं आहे. चांगलं काय, वाईट काय हे त्यांना कुणी स्पष्ट सांगतच नाही, या पुस्तकात सत्याचा विजय तरी होतो. दोन तास असेच गेले. ती मुलगी गप्प बसून राहिली. तिनं सांगितलेल्या कथेत शेवटच्या क्षणी नायक हरतो, ही गोष्ट दोन्हींपैकी एकाही बाजूच्या बोलण्यात आली नाही.

या वादाबद्दल मला लिहायचं आहे, कारण तो फक्त आमच्या कट्ट्यावरचा नाही. पुस्तक इंग्लंडमध्ये १९५४ आणि १९५५ साली तीन खंडांत आलं तेव्हापासून तो असाच, याच दोन सुरांत चालू आहे. आणि दोन्ही सूर एकाच चुकीच्या समजुतीवर उभे आहेत: सत्-असताच्या लढाईची कादंबरी म्हणजे दोन सैन्यांची गोष्ट. शिक्षकांना ती भाबडी वाटते आणि आईला बोधप्रद, पण दोघांनी वाचलेलं पुस्तक एकच, आणि ते कादंबरीकार टोल्किननं लिहिलेलंच नाही. माझं म्हणणं असं की या कादंबरीचा खरा प्रश्न ‘वाईट कोण?’ हा नाहीच. ‘चांगल्या माणसाच्या हाती अमर्याद सत्ता आली तर त्याचं काय होतं?’ हा तिचा प्रश्न आहे. आणि हा प्रश्न आपल्या काळाला जितका लागू आहे, तितके थोडेच प्रश्न असतील.

विरोधकांची बाजू मात्र शिक्षकांनी मांडली त्याहून कितीतरी भक्कम आहे. ती पूर्ण ताकदीनिशी समोर ठेवल्याशिवाय पुढे जाणं बरोबर नाही.

एक तर मराठी वाचकाला अद्भुताचा संशय यावा, याला कारण आहे. आपली कादंबरी जन्मली तीच दुहेरी. १८५७ मध्ये बाबा पदमनजींनी ‘यमुनापर्यटन’ लिहून विधवांचं दुःख मांडलं आणि चारच वर्षांनी लक्ष्मणशास्त्री हळब्यांची ‘मुक्तामाला’ आली: सद्गुणी नायिका, कपटी खलनायक, संकटांची माळ आणि शेवट गोड. पुढे भालचंद्र नेमाड्यांनी मराठी कादंबरीच्या प्रवृत्ती सांगताना याच नावांचा आधार घेतला आणि कोणत्या प्रवृत्तीनं समाजाला काही दिलं, हेही लपवलं नाही. दलित आत्मकथनांनी तर गेल्या अर्धशतकात आपल्या वाचनाची कसोटीच बदलून टाकली. त्या कसोटीवर वाढलेल्या माणसाला जादूची अंगठी पोरकट वाटली तर त्याला अरसिक म्हणता येणार नाही. एडमंड विल्सन या मोठ्या अमेरिकन समीक्षकालाही ती तशीच वाटली होती. १९५६ मध्ये त्यानं या पुस्तकाला बालिश कचरा ठरवलं आणि तक्रार केली की नायकाला कुठला गंभीर मोह पडतच नाही. सुष्टशक्ती आणि दुष्टशक्ती समोरासमोर उभ्या केल्या आहेत, एवढंच.

दुसरा आक्षेप राजकारणाचा आहे आणि तो जास्त बोचरा आहे. रोनाल्ड रेगननी १९८३ मध्ये सोव्हिएत संघाला ‘दुष्ट साम्राज्य’ म्हटलं. जॉर्ज बुश यांनी जानेवारी २००२ मध्ये तीन देशांना ‘दुष्टांचा अक्ष’ ठरवलं आणि पुढच्याच वर्षी त्यातल्या एका देशात सैन्य घुसवलं. समोरचा माणूस दुष्ट ठरला की त्याच्याशी बोलायचं काही उरत नाही. २०२२ पासून युक्रेनमध्ये चालून आलेल्या रशियन सैनिकांना ‘ऑर्क’ म्हणतात, म्हणजे याच कादंबरीतल्या राक्षसी फौजेचं नाव. ज्यांच्या घरांवर बॉम्ब पडताहेत त्यांनी शत्रूला काय म्हणावं, हे मी इथे बसून शिकवणार नाही. पण हा शब्द इतका सहज हाताशी आला, याची नोंद घ्यावीच लागते.

आणि तिसरा आक्षेप आपल्या मातीतला. चांगलं कोण, वाईट कोण हे ठरवतं कोण? जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’त हाच प्रश्न विचारला होता. पुराणांतले देव आणि दैत्य त्यांनी उलटे करून वाचले. वामनानं पाताळात घातलेला बळी हा त्यांच्या लेखी न्यायी राजा आणि दैत्य हा जेत्यांनी जितांना चिकटवलेला शब्द. ही केवळ पंडिती कसरत नव्हती. गावोगाव बलिप्रतिपदेला बायका ओवाळताना ‘इडा पिडा टळो, बळीचं राज्य येवो’ म्हणत आल्या आहेत. पराभूताची आठवण त्या एका वाक्यात टिकून राहिली होती. ज्या समाजात राक्षस म्हणून रंगवलेला राजा लोकांच्या तोंडी असा जिवंत आहे, तिथल्या वाचकानं मॉर्डॉरच्या, म्हणजे कादंबरीतल्या शत्रूच्या मुलखाच्या, बाजूनं विचारलं पाहिजेच, की या ऑर्कांचं म्हणणं कुणी ऐकलं का? किरिल येस्कोव या रशियन पुराजीवशास्त्रज्ञानं १९९९ मध्ये हीच कथा हरलेल्यांच्या बाजूनं पुन्हा लिहिली, ती याच प्रश्नापोटी.

हा तिसरा आक्षेप मला अर्धा मान्य आहे आणि त्यावर लवकर पुढे सरकायची माझी तयारी नाही. ऑर्क जन्मतःच दुष्ट असतात, निदान कथा त्यांना तसं वागवते. त्यांना मारताना कुणाला पश्चात्ताप होत नाही. एका पत्रात टोल्किननं त्यांचं रूप सांगताना मंगोल वंशाच्या माणसांचा जो उल्लेख केला आहे, तो आज वाचवत नाही. ‘जन्मतःच दुष्ट’ या कल्पनेनं काय होतं, हे महाराष्ट्राला कादंबरीतून शिकावं लागत नाही. ब्रिटिशांनी १८७१ मध्ये कायदा करून माणसांच्या अख्ख्या जमाती गुन्हेगार ठरवायला सुरुवात केली. पारधी, कैकाडी, कंजारभाट अशा जमातींतलं मूल जन्माला यायचं तेच पोलिसांच्या नोंदीत. हजेरी, तारेचं कुंपण, परवानगीशिवाय गाव सोडायचं नाही. स्वातंत्र्यानंतरही ३१ ऑगस्ट १९५२ उजाडावा लागला तेव्हा तो शिक्का कायद्यातून पुसला गेला. लोकांच्या नजरेतून अजून पुसलेला नाही. ‘भामटा’ हे एका जमातीचं नाव आहे आणि आपण सगळे तो शब्द फसव्या माणसासाठी बिनदिक्कत वापरतो. भाषेनं आपल्याकडून हे करून घेतलं आहे. त्यामुळे ऑर्कांचा आक्षेप कुणी काढला तर ‘ती काल्पनिक प्रजा आहे हो’ असं म्हणून त्याला वाटेला लावता येत नाही. टोल्किन स्वतःही उत्तरायुष्यात या प्रश्नाशी झगडत राहिला. कट्टर कॅथलिक माणूस. ज्याचा उद्धारच शक्य नाही असा जीव त्याच्या श्रद्धेत बसेना, आणि त्याला पक्कं उत्तर सापडलं नाही. बायका मोजक्याच आहेत, हाही दोष खराच.

एवढं सगळं मान्य करूनही मी म्हणतो की विल्सनची मुख्य तक्रार धादांत चुकीची आहे. नायकाला मोह पडत नाही? या हजारएक पानांत मोहाशिवाय दुसरं आहे काय?

ज्यांनी वाचलेलं नाही त्यांच्यासाठी कथेचा गाभा. सॉरॉन नावाच्या सत्तांधानं एक अंगठी घडवली आणि आपलं बळ तिच्यात ओतलं. ती दुसऱ्यांच्या इच्छेवर हुकूम चालवण्याची ताकद देते. ती हरवते आणि फिरत फिरत फ्रोडो नावाच्या, माणसाच्या कमरेएवढ्या उंचीच्या, शेतीवाडीत रमणाऱ्या हॉबिटकडे येते. ती जिथे घडली त्या ज्वालामुखीतच वितळू शकते, आणि तो डोंगर शत्रूच्या मुलखात. बहुतेक साहसकथांत नायक काहीतरी मिळवायला निघतो: तलवार, मणी, राजकन्या. इथे नायक हातात असलेलं सर्वांत प्रभावी शस्त्र टाकून द्यायला निघाला आहे. साहसकथेचा सांगाडाच लेखकानं उलटा केला आहे, आणि सगळा विचार त्या उलटेपणात आहे.

मग पानोपानी काय घडतं? फ्रोडो ती अंगठी गॅन्डाल्फला देऊ करतो. गॅन्डाल्फ मोठा जादूगार, ज्ञानी, दयाळू. तो दचकून नकार देतो आणि कारण सांगतो: तिचा रस्ता माझ्या मनात दयेतून शिरेल, दुबळ्यांसाठी काही चांगलं करावं या इच्छेतून. लोभामुळे बिघडण्याची भीती तो बोलूनच दाखवत नाही. पुढे गॅलाड्रिएल ही राणी क्षणभर पाहते, की अंगठी घेतली तर आपण सॉरॉनच्या जागी किती सुंदर आणि किती भयंकर होऊ, आणि ती कसोटी पार करून आपलं मोठेपण सोडून द्यायला तयार होते. जो मोहात पडतो तो बोरोमिर, आणि तो नीच नाही. त्याच्या शहराच्या वेशीवर शत्रू उभा आहे. त्याचा युक्तिवाद साधा आहे: देवानं हातात शस्त्र दिलंय आणि तुम्ही ते आगीत टाकायला निघालात? मी ते चांगल्यासाठी वापरीन. आपल्यापैकी किती जणांना या युक्तिवादात चूक सापडेल? मला पहिल्या वाचनात सापडली नव्हती.

मराठी घरात या गोष्टीला एक जुनी बहीण आहे. भाद्रपद चतुर्थीला चुकून चंद्र दिसला तर खोटा आळ येतो, म्हणून स्यमंतक मण्याची कथा ऐकायची. रोज सोनं देणारा मणी. तो गळ्यात घालून शिकारीला गेलेला प्रसेन मरतो, त्याला मारणारा सिंह मरतो, पुढे सत्राजित मरतो, शतधन्वा मरतो. इतकंच काय, मणी सापडला नाही असं कृष्ण सांगतो तेव्हा थोरल्या भावाचा, बलरामाचा त्याच्यावर विश्वास बसत नाही. तो रागावून मिथिलेला निघून जातो. कृष्ण-बलरामांत फूट पाडेल अशी किती संकटं पुराणांत आहेत? आणि विष्णुपुराणात शेवटी मणी समोर येतो तेव्हा कृष्ण स्वतः म्हणतो की तो शुचिर्भूत राहून सांभाळायचा आहे, आम्ही त्याला योग्य नाही, अक्रूराकडेच राहू दे. ज्याला हक्कानं घेता आला असता त्यानं घेतला नाही. ही कथा आपण आळ टाळायचा उपाय म्हणून ऐकतो आणि उठून जातो.

हा विचार टोल्किनला पुस्तकांतून सुचला असेल तेवढाच आयुष्यातूनही. तो १९१६ मध्ये पहिल्या महायुद्धातल्या सोमच्या लढाईत होता. खंदकज्वरानं आजारी पडून मायदेशी परतला. जवळचे मित्र परतले नाहीत. १९१८ पर्यंत एक सोडून सगळे जिवलग गेले होते, असं त्यानंच लिहून ठेवलं आहे. कादंबरी सुरू झाली १९३७ च्या अखेरीस आणि दुसऱ्या महायुद्धाच्या सावलीत वाढली. आता सांगा, त्या वर्षांत लंडनवर बॉम्ब पडत असताना इंग्रज माणसाला चांगली बाजू आणि वाईट बाजू ठरवणं अवघड होतं का? टोल्किनला नव्हतं. १९३८ मध्ये एका जर्मन प्रकाशकानं त्याला तो आर्य वंशाचा आहे का, असं विचारलं. त्यानं तयार केलेल्या उत्तराच्या मसुद्यात भाषाशास्त्रज्ञाच्या थंड रागानं लिहिलं, की आर्य म्हणजे भारत-इराणी; माझे कुणी पूर्वज हिंदुस्थानी किंवा फारसी बोलत नव्हते; आणि ज्यू आहे का असं विचारायचं असेल, तर त्या गुणी लोकांशी माझं नातं नाही याचा मला खेद आहे. हिटलर वाईट होता, याविषयी या माणसाच्या मनात तसूभर शंका नव्हती. तरीही १९४४ मध्ये, युद्ध जिंकत आलेलं असताना, हवाई दलात असलेल्या मुलाला तो लिहितो, की आपण सॉरॉनला अंगठी वापरूनच जिंकू पाहतो आहोत. जिंकूही, पण त्यातून नवे सॉरॉन निपजतील आणि माणसांचे हळूहळू ऑर्क होतील. पुढच्या वर्षी अणुबॉम्ब पडला. आपलं पुस्तक त्या युद्धाचं रूपक नाही, हे त्यानं पुढे प्रस्तावनेत ठासून सांगितलं आणि कारणही दिलं: तसं असतं तर आपल्या बाजूनं अंगठी नष्ट केली नसती, वापरली असती.

इथे शिक्षकांच्या प्रश्नाला उत्तर द्यायला हवं. शेतकऱ्याच्या गळफासाचा आणि अंगठीचा संबंध काय? थेट संबंध नाही, आणि वास्तववादी कादंबरी जे करते ते ही कादंबरी करू शकत नाही; कर्जाचा आकडा, सावकाराचं दार, खताची पावती तिच्यात येणार नाही. पण वास्तववादालाही एक गोष्ट कठीण जाते. तिथे सत्ता नेहमी कुणाचे तरी कपडे घालून येते: पाटील, आमदार, साखर कारखान्याचा अध्यक्ष. वाचकाचा राग त्या माणसावर निघतो आणि वाटतं, याच्या जागी आपला माणूस बसला की झालं. अद्भुतकथा सत्तेला माणसापासून सोलून काढते आणि तळहातावर मावेल अशी वस्तू म्हणून समोर ठेवते. मग प्रश्न वाचकाकडे वळतो. तू घेशील का?

आणि हा प्रश्न काल्पनिक नाही. रोबेस्पिएर या फ्रेंच वकिलानं १७९१ मध्ये संविधान सभेत फाशीची शिक्षाच रद्द करा म्हणून भाषण केलं होतं. तीन वर्षांच्या आत त्याच्या राजवटीत गिलोटिन थांबायचं नाव घेत नव्हतं. मधल्या काळात तो लाचखाऊ झाला नव्हता. लोक त्याला ‘लाचेला न बधणारा’ म्हणत आणि ते खरं होतं. आपल्याकडे १९७१ मध्ये देशाच्या सुरक्षेसाठी, खटल्याशिवाय माणसाला डांबून ठेवू देणारा ‘मिसा’ कायदा झाला. सीमेवर युद्धाचे ढग होते, शत्रू खरा होता. चारच वर्षांनी आणीबाणीत त्याच कायद्यानं विरोधी पक्षांचे नेते आणि कार्यकर्ते तुरुंगात गेले. संसदेत हात वर करणाऱ्या सगळ्यांच्या मनात तेव्हा पाप होतं का? बोरोमिरच्या मनातही नव्हतं. २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात डॉ. आंबेडकरांनी बजावलं होतं, की माणूस कितीही थोर असला तरी आपलं स्वातंत्र्य त्याच्या पायाशी वाहू नका. राजकारणातली भक्ती अधोगतीकडे नेते. दुष्ट माणसापासून सावध राहा, हे सांगायला घटनाकार लागत नाही. थोर माणसापासूनही सत्ता सांभाळून ठेवा, हे सांगायला लागतो.

यावर कुणी म्हणेल, की पुस्तकाचा अर्थ इतका स्वच्छ असेल तर ते भलत्यांच्या हाती कसं पडतं? इटलीतल्या नवफॅसिस्ट तरुणांनी १९७७ मध्ये आपल्या शिबिराला हॉबिटांचं नाव दिलं. अमेरिकेत २००३ मध्ये गुप्तचर यंत्रणांसाठी माहिती चाळणारी एक कंपनी निघाली, तिचं नाव पालान्तीर, कादंबरीतल्या दूरदर्शी गोळ्यावरून. हे उदाहरण मला फार अस्वस्थ करतं. कारण कादंबरीत त्या गोळ्याचं काय होतं? डेनेथॉर हा बुद्धिमान, कर्तव्यदक्ष कारभारी त्यात पाहत राहतो. त्याला दिसतं ते सगळं खरं असतं, पण काय दिसावं हे शत्रू ठरवतो. त्या खऱ्या माहितीनंच तो खचतो आणि जिवंत मुलाला स्वतःबरोबर चितेवर घालायला निघतो. माहिती म्हणजे शहाणपण, या समजुतीविरुद्ध इतकं भेदक प्रकरण मी दुसरीकडे वाचलेलं नाही. आणि त्याच वस्तूचं नाव ज्यांनी घेतलं त्यांनी पुस्तक वाचलेलं होतं! म्हणजे पुस्तक वाचकाला वाचवत नाही, हे मान्य. पण दोष कुणाचा, हे ठरवायला निदान ते प्रकरण उघडावं लागेल.

आता त्या आईशी बोलायला हवं, कारण माझा तिच्याशी मतभेद शिक्षकांइतकाच आहे. सत्याचा विजय होतो, म्हणून मुलांना हे पुस्तक द्यावं, असं तिचं म्हणणं. विजय कसा होतो ते पाहा. फ्रोडो उपाशीतापाशी, रांगत, आपला इमानी सोबती सॅम याच्या पाठीवर बसून त्या आगीच्या काठावर पोहोचतो. आणि तिथे तो अंगठी टाकत नाही. ती माझी आहे, असं म्हणतो आणि बोटात घालतो. सगळ्या जगाची आशा ज्याच्यावर, तो ऐन वेळी कोसळतो. मग जग वाचतं कसं? गॉलम नावाचा एक लाचार, खुनी, अंगठीनं आतून पोखरलेला जीव त्यांच्या मागावर असतो. तो झडप घालतो, फ्रोडोचं बोट चावून तोडतो आणि अंगठीसकट तोल जाऊन आगीत पडतो. हा गॉलम जिवंत का होता? कारण कैक वर्षांपूर्वी फ्रोडोच्या काकानं, बिल्बोनं, हातात तलवार असताना कीव येऊन त्याला सोडलं होतं. फ्रोडोनं पुढे तेच केलं, सॅमनंही शेवटच्या चढणीवर तेच केलं. फ्रोडो एकदा म्हणालाही होता की तो मरायच्याच लायकीचा आहे, तेव्हा गॅन्डाल्फनं विचारलं होतं, की जगायला लायक असलेले कितीतरी मरतात, त्यांना तू जीव परत देऊ शकतोस का?

बळानं नाही, शहाणपणानं नाही, नायकाच्या निर्धारानंही नाही. जग वाचतं ते तीन वेगवेगळ्या वेळी, काही फायदा दिसत नसताना, तीन जणांनी एका नालायक जिवाला न मारल्यामुळे. ज्ञानेश्वरांनी पसायदानात खळांचा नाश मागितला नाही, त्यांची व्यंकटी सांडो म्हटलं. शाळेत आपण ते हात जोडून म्हणतो आणि तिथून बाहेर पडून ज्या गोष्टींवर टाळ्या वाजवतो, त्यांत खळ मेलेलाच हवा असतो. गॉलमची व्यंकटी सांडत नाही, हे खरं. एकदा झोपलेल्या फ्रोडोच्या गुडघ्याला हळूच हात लावताना ती सांडायच्या बेतात येते, आणि सॅम जागा होऊन खेकसतो तेव्हा ती वेळ टळते. सॅम वाईट नाही. तो थकलेला आहे, मालकाची काळजी आहे त्याला. मला पूर्ण कादंबरीत सर्वांत जास्त दुखणारं पान हे आहे.

ज्या माणसाला दोनच रंग दिसतात, तो हे पान लिहू शकेल? तोच सॅम युद्धात पहिल्यांदा शत्रूपक्षाचा एक माणूस पायाशी मरून पडलेला पाहतो तेव्हा त्याच्या मनात येतं, की याचं नाव काय असेल? हा खरंच मनानं दुष्ट होता, की कुठल्या खोट्यानं, कुठल्या धमकीनं घरापासून इतक्या दूर आला? दोन ऑर्क पहाऱ्यावर आपसांत बोलतात, ते युद्ध संपल्यावर वरचे साहेब नसतील अशा ठिकाणी चार भरवशाची पोरं घेऊन निघून जाण्याबद्दल. लेखकाला जो प्रश्न सुटला नाही म्हणून मी मघाशी म्हटलं, तो त्याच्या पानांत असा मधूनमधून डोकं वर काढतो. युद्ध संपल्यावर राजा पूर्वेकडच्या शत्रूंना माफ करून सोडतो, दक्षिणेकडच्यांशी तह करतो आणि सॉरॉनच्या गुलामांना तीच जमीन कसायला देतो.

आणि घर? फ्रोडो परततो तेव्हा गावाची रया गेलेली असते: झाडं तोडलेली, धान्याची कोठारं कुणीतरी ताब्यात घेतलेली, पाट्यांवर नियमच नियम. हॉबिटांना स्वतः उठून ते मोडावं लागतं, त्यात एकोणीस हॉबिट मरतात. त्या सगळ्या गदारोळात फ्रोडो तलवार काढत नाही. आपल्यातल्या कुणी आपल्यातल्या कुणाला मारायचं नाही, एवढंच तो सांगत फिरतो. ज्यानं गाव नासवलं तो सारुमन त्याच्यावर सुरा चालवतो, तरी फ्रोडो म्हणतो, सोडा त्याला. गावात मान मात्र दुसऱ्यांना मिळतो. फ्रोडो दरवर्षी त्या ठरावीक तारखांना, ६ ऑक्टोबरला आणि १३ मार्चला, जुन्या जखमांनी आजारी पडतो, कुणाला कळू देत नाही आणि शेवटी जहाजात बसून निघून जातो. विजयादशमीचं सोनं लुटून घरी आल्यावर राम रात्री झोपू शकला का, हे आपण कधी विचारतो? टोल्किननं ते विचारलं, कारण सोमहून परतलेली माणसं त्यानं जवळून पाहिली होती.

कट्टा संपल्यावर मी त्या मुलीला विचारलं, वाद चालू असताना तू बोलली का नाहीस? ती म्हणाली, ‘‘काका, कुणी शेवट विचारलाच नाही.’’ पुढच्या महिन्यात तिनं फक्त तेवढंच प्रकरण मोठ्यानं वाचावं, असं मी आयोजकांना सुचवलं आहे. शिक्षक येणार आहेत. त्या बाईंनाही निरोप दिला आहे, मुलाला घेऊन या म्हणून.